वरच्या खोलीच्या सळया

"म्हणजे वर खोली बांधून भाडेकरू ठेवायचा, आणि मला मात्र आयाच्या कामाला लावायचं!"

"आयाच्या कुठं म्हणाले मी? सिस्टरच्या म्हणाले." रोहिणीने तव्यावरची पोळी उलटली. "सहा महिन्यांत शिकवून तयार करतात, पांढरा ड्रेस मिळतो, पेशंट सिस्टर म्हणतात, आणि पहिल्या महिन्यापासून हातात पगार."

"सहा महिन्यांत सिस्टर?" पायल दारातच उभी होती. पाठीवरचे केस ओलेच. "मग चार वर्षं नर्सिंगची डिग्री करणाऱ्या काय वेड्या आहेत?"

"ते त्यांना विचार. आमच्या हॉस्पिटलात एक डिग्रीवाली आहे, सोळा हजार घेते. आमची स्नेहल नुसती हाताखाली शिकली, ती बारा घेते. चार हजारांसाठी चार वर्षं आणि साडेपाच लाख. सायन्सला होतीस ना, कर हिशेब."

खाटेवर लसूण सोलत बसलेल्या सासूने, भिमाबाईंनी, मान वर केली. "पोरगी शिकते म्हणते आणि आई भाव करतीये."

"आत्या, भाव तुम्ही करता. काल मेथीच्या जुडीसाठी त्या बाईला गल्लीच्या टोकापासून माघारी बोलावलंत."

"मेथीचा करते. नातीचा नाही केला कधी."

रोहिणीचा नवरा नवनाथ उंबऱ्यात बसून बूट घालत होता. कंपनीची बस चुकली की त्याचा अर्धा दिवस जायचा. "शनिवारपर्यंत कॉलेजचा पहिला हप्ता भरायचाय," तो म्हणाला. "तेवढं ठरवा काय ते."

"तुम्ही काय म्हणता?" रोहिणीने विचारलं.

"मी म्हणतो, डिग्री करावी."

"आणि पैसे?"

"ते तू बघ."

तो गेला. घरात 'डिग्री करावी' म्हणणारे तिघं होते, आणि 'ते तू बघ'मध्ये एकटी रोहिणी.

सरकारी प्रवेशफेऱ्यांमध्ये पायलचा नंबर लागला असता तर हे भांडणच नव्हतं, स्कॉलरशिपमध्ये बरंचसं निभलं असतं. पण थोडक्यात हुकला. आता उरली होती ती संस्थेच्या कोट्यातली सीट, आणि तिथं स्कॉलरशिप लागू नाही, हे तिथल्या क्लार्कने डबा खाता खाता, मान वर न करता सांगितलं होतं.

पैसे अगदीच नव्हते असं नाही. होते, पण ते वरच्या खोलीचे होते. अंबडच्या आतल्या बाजूला हे दोन खोल्यांचं घर बांधलं, तेव्हा स्लॅबच्या चारही कोपऱ्यांना कॉलमच्या सळया वर सोडून ठेवल्या होत्या, पुढंमागं मजला चढवता येईल म्हणून. त्याला अकरा वर्षं झाली. सळयांना गंज चढला, त्यांच्या टोकांवर उलट्या खुपसलेल्या पाण्याच्या बाटल्या उन्हाने पिवळ्या पडल्या. पण रोहिणीने बँकेत आरडी लावली होती आणि एकही महिना चुकवला नव्हता. वर एक खोली, कंपनीत काम करणारी दोन पोरं भाडेकरू, महिन्याच्या महिन्याला भाडं. नवनाथ कंत्राटावर होता. मागच्या दिवाळीत त्याच्या लाइनवरची सात माणसं एका दुपारी घरी पाठवली, त्या दिवसापासून कंपनीची बस वेळेत परत आली तरी रोहिणी आधी नवनाथचा चेहरा निरखायची. वरची खोली कोणी कामावरून काढू शकत नव्हतं.

ती स्वतः एका छोट्या खाजगी हॉस्पिटलात कामाला होती. फरशी पुसणं, बेडपॅन देणं, चादरी बदलणं. पायल पहिलीत गेली तेव्हा लागली. तेव्हा ती पंचवीस-सव्वीस वर्षांची, आणि पन्नाशी उलटलेले डॉक्टर पहिल्याच दिवशी तिला म्हणाले, "मावशी, जरा इकडे या." तिने मागे वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा नवनाथ पोट धरून हसला होता. पुढं सवय झाली. आता तिला रोहिणी म्हणून हाक मारणारं हॉस्पिटलात कोणी नव्हतंच.

हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या मॅडम, म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस, गेल्या आठवड्यातच तिला म्हणाल्या होत्या, "मावशी, पोरीवर बाहेर पैसे ओतू नको. आमच्याकडं दे पाठवून. आमची स्नेहल कशी तयार झाली? तशी तयार करते." रोहिणीला हायसं वाटलं होतं. इतकं, की घरी येताना तिने जिलेबी घेतली. जिलेबी पायलने तोंडाला लावली नाही.

गुरुवारी हॉस्पिटलात सरकारी तपासणी आली.

तपासणी आली की काय करायचं हे सगळ्यांना पाठ होतं. इनचार्ज सिस्टर रोहिणीला म्हणायच्या, "मावशी, मुलींना वर ने." मुली म्हणजे स्नेहल आणि आणखी दोघी, हाताखाली शिकलेल्या. त्यांनी पांढरे ड्रेस काढून घरचे घालायचे, रोहिणीने ते ड्रेस मळक्या चादरींच्या गाठोड्यात बांधायचे, आणि साहेब जाईपर्यंत गच्चीत बसायचं. इतकी वर्षं याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. उलट मुली खालून भेळ घेऊन यायच्या.

त्या दिवशीही भेळ होती. पाण्याच्या काळ्या टाकीच्या सावलीत तिघी मांडी घालून बसल्या. गाठोड्यावर रेलून रोहिणीने स्नेहलकडे पाहिलं. दहा वर्षांचा अनुभव. ज्या हाताची शीर डॉक्टरांना सापडायची नाही, ती स्नेहलला पहिल्या फटक्यात सापडायची.

"तू कुठं मोठ्या हॉस्पिटलात का जात नाहीस गं?"

"गेले होते ना मागच्या वर्षी." स्नेहलने कागदावरचे शेवटचे शेंगदाणे वेचले. "मुलाखत घेणाऱ्या बाईनं सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. एकदम खूश झाली. मग म्हणाली, नंबर लिहून द्या."

"मग?"

"मी मोबाइलचा दिला."

दोघी मुली एकदम खिदळल्या. स्नेहलही हसली. "ती म्हणते, अहो हा नाही, नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर. मी म्हटलं, तो घरी राहिला. अजून घरीच आहे!"

मुलींचं हसू थांबेना. रोहिणीला मात्र ठसका लागला, आणि वर प्यायचं पाणी नव्हतं, म्हणून ती बाटली भरायला खाली उतरली.

जनरल वॉर्डाच्या दाराशी तिला गोटीरामबाबांचा आवाज ऐकू आला. चांदवडकडचे, पंधरा दिवस झाले ॲडमिट होते. "स्नेहल शिस्टर कुठं हाय? तिच्याबिगर मी सुई टोचून घ्यायचा नाय. लय हलका हात हाय तिचा."

पलंगाशी तपासणीचे साहेब, मॅडम आणि इनचार्ज सिस्टर उभ्या होत्या. साहेबांनी हातातला कागद खालीवर पाहिला. "स्नेहल कोण? यादीत नाही."

"मावशी आहे हो," मॅडम म्हणाल्या. "साफसफाईची. बाबा सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात." तेवढ्यात त्यांना दारात बाटली घेऊन उभी रोहिणी दिसली. "ही काय. ही स्नेहल."

साहेबांनी रोहिणीकडे पाहिलं. "तुम्ही स्नेहल?"

मॅडम तिच्याकडे बघत होत्या. "हो," रोहिणी म्हणाली.

"ही नाय वो!" बाबा उठून बसले. "ही फरशीवाली. शिस्टर येगळी."

"बाबांना नीट दिसत नाही," मॅडम हसल्या. साहेब पुढच्या पलंगाकडे वळले.

रोहिणीने बाटली भरली. पाणी वाहून हातावर आलं तरी नळ बंद करायचं तिला सुचेना. दहा वर्षं टोचलेल्या सुया, रात्र-रात्र बदललेल्या सलाइनी, आणि विचारलं तर मावशी. उद्या बाबांना काही झालं तर सुई कोणी दिली म्हणून विचारलं जाणारच. तेव्हा मॅडम कोणाला पुढं करणार होत्या? आणि तीन-चार वर्षांनी याच वॉर्डात कोणी विचारलं, पायल कोण, तर?

गच्चीत स्नेहलने बाटली तोंडाला लावली. "खाली काय चाललंय?"

"काही नाही. बाबा तुझी आठवण काढत होते."

"काढणारच," स्नेहल म्हणाली आणि केसांना क्लिप लावून मळक्या गाठोड्यातून आपला ड्रेस हुडकू लागली.

घरी जाताना शेअर रिक्षात रोहिणीने पुन्हा हिशेब केला. सोळातून बारा गेले, चार उरले. कितीही वेळा केला तरी चारच उरत होते. साडेपाच लाख साडेपाच लाखच होते, आणि आरडीत त्यातले निम्मेसुद्धा नव्हते. दुसऱ्या वर्षाचं काय, नवनाथची लाइन बंद पडली तर काय, पायल मध्येच नापास झाली तर काय. फॅब्रिकेशनच्या दुकानाजवळ तिने रिक्षा थांबवली आणि उतरली. वेल्डिंगवाल्याशी दोन मिनिटं बोलून तिथून चालतच घरी गेली.

नवनाथ आलेला होता. पायल कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोकं घालून, कालपासून आईशी अबोला. भिमाबाईंनी सुनेचं तोंड बघितलं आणि स्वतःच उठून चहा टाकला. "मॅडम काही बोलल्या का गं?"

रोहिणीने चहा घेतला, बशीत ओतला, पण प्यायली नाही.

"पायल, उद्या सकाळी माझ्याबरोबर बँकेत यायचं. आरडी मोडायचीये. शनिवारी पहिला हप्ता भरू."

पायलने मोबाइल खाली ठेवला. "आई, खरंच—"

"मध्ये बोलू नको. दुसऱ्या वर्षाचे कुठून आणायचे ते मला माहीत नाही. कर्जाला तुझे बाबा सही करतील." नवनाथने मान हलवली. "आणि पगार किती मिळेल ते मला कोणी आता सांगू नका. मला माहितीये."

"आणि वरची खोली गं?" भिमाबाईंनी विचारलं.

"होणार नाही. रविवारी वेल्डिंगवाला येतोय, सळया कापून भंगारात नेईल. त्या दिवशी कोणी वर कपडे वाळत घालू नका."