तोंड बघून हातमोजे

"व्हय गं, तोंड बघून मोजे घालतीस?" आमच्या मोठ्या सिस्टर मागून असं विचारायच्या आणि आमच्या हातातला ट्रे आपोआप खाली ठेवला जायचा. उंचीनं बेताच्या, पण आवाज चार वॉर्ड ओलांडून जायचा.

कोल्हापुरातल्या त्या इस्पितळात मी नव्वदच्या दशकात नर्स म्हणून लागले. एड्सची सगळ्यांनीच धास्ती घेतलेली. ट्रक ड्रायव्हर आला, की आम्ही मोज्यांचे दोन-दोन जोड चढवायचो. पांढऱ्या धोतरातले गुरुजी आले, की उघड्या हातानं रक्त काढायचो. त्यात काही चुकतंय असं वाटायचंच नाही, देवाशप्पथ!

सिस्टरांनी आठवडाभर गुपचूप सगळं वहीत टिपलं. मग शनिवारी नर्स, वॉर्डबॉय, आया, झाडूवाल्या, सगळ्यांना एका ओळीत बसवून वाचून दाखवलं. "खाट चार, ड्रायव्हर. मोजे हाईत. खाट सात, पेठ वडगावच्या व्यापाऱ्याची आई. मोजे न्हाईत. खाट नऊ, ऊसतोडीचा गडी. मोजे हाईत, वर नाकाला रुमाल." नाव कुणाचंच घेतलं नाही. तरी आम्ही आपापल्या चपलांकडं बघत बसलो.

"रक्त काढायचं म्हटलं की मोजे. मग राजा असू दे न्हाईतर हमाल," एवढंच म्हणाल्या. असे वर्ग त्यांनी किती घेतले, मोजदाद नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा भत्ताही नव्हता.

मग एक दिवस त्यांनाच सुई टोचली. पेशंट बँकेतला साहेब, इस्त्रीच्या कपड्यातला. रक्त काढून झालं आणि त्यानं अचानक हात झटकला. मोजा फाडून सुई अंगठ्यात गेली. त्याचा रिपोर्ट आला, तो खराब.

दुसरी असती तर लपवून बसली असती. ह्या बाईनं पुढच्याच शनिवारी अंगठा वर करून सगळ्यांना सांगितलं, "सुई लागली तर धुवायचं आणि लगीच सांगायचं. लाजायचं न्हाई. मलाबी आता तीन म्हैन्यांनी परत रक्त तपासायचं हाय."

आणि आम्ही काय केलं, ऐका. आमच्या खोलीत चहाचे सहा कप होते. त्यातला एक, सिस्टरांचा, दुसऱ्या दिवसापासून खिडकीत गेला. तो मी ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच. सिस्टर बौद्ध घरातल्या. गावाकडं त्यांच्या आजीला हॉटेलाबाहेरच्या वेगळ्या कपातून चहा मिळायचा, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. कप उचलून ठेवताना मला ते आठवलंसुद्धा नाही. लाज वाटते सांगायला.

 सिस्टर तीन महिने खिडकीतला कप घ्यायच्या, चहा प्यायच्या, विसळून परत तिथंच ठेवायच्या.

रिपोर्ट चांगला आला. मी पेढे आणले आणि घाईघाईनं तो कप बाकीच्या कपांत मिसळला. सिस्टर दारातच उभ्या होत्या. पेढा हातात घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "आणि रिपोर्ट वाईट आला असता, तर गं?"

मी पेढ्यांचा पुडा उचलला आणि वॉर्डात वाटायला निघून गेले. 

पुढं त्या रिटायर होऊन नेसरीला गेल्या आणि तिथंच वारल्या. आता शनिवारचा वर्ग मी घेते. ड्रायव्हरचं सांगते, गुरुजींचं सांगते, बँकेतल्या साहेबाचंही सांगते. कपाचं अजून एकदाही सांगितलेलं नाही.