सुनेच्या बुरुजातलं नाव

दुपारी जेवणाच्या वेळी किल्ल्यात चिटपाखरू नसतं. मथुरा तिकीटघराच्या बाकावर जराशी कलंडते. हातात बुरुजापाशी लावायच्या दगडी फलकाच्या मजकुराचा कागद आहे. चार वाजता पुरातत्त्व खात्याचे साहेब येतील, ती 'बरोबर' म्हणेल आणि सुनेच्या बुरुजाची गोष्ट कायमची दगडात कोरली जाईल: बुरूज टिकेना म्हणून किल्लेदाराने सून जिवंत चिणली, तिचं नाव भागीरथी. गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक. नाव तेवढं एकटा मथुरेचा बाप, केरबा गाईड, सांगायचा. केरबा मीठमसाला लावण्यात पटाईत, आणि त्याला जाऊन सहा वर्षं झाली. खरंखोटं विचारायचं कुणाला? तिच्या पापण्या मिटतात.

"मथे, हात लाव जरा," केरबा म्हणतो.

तो बुरुजापाशी उकिडवा बसून दगडांमधला चुना नखांनी खरवडतोय. मथुरेला बापाची भीती वाटत नाही, भिंतीची वाटते. आतून बांगड्या वाजताहेत.

"आबा, आत कोण हाय?"

"भागी. माझी बहीण."

"खंदकात बुडालेली?"

घरात त्या पोरीला सगळे 'बुडालेली' एवढंच म्हणत. नाव काढायची बंदीच होती.

"म्हनलं, गोष्टीतल्या सुनंला नाव न्हाई, भागीचं देऊ. चार लोक रोज नाव घेत्याल." केरबाचे हात थांबत नाहीत. "चाळीस वर्षं सांगितलं गं. तितक्यांदा चिणली मी तिला. आता दगडात कोरलं की संपलं."

भिंत आता त्यांच्याच स्वयंपाकघराची आहे. चुलीवर भाकर फुगलीय. चुलीमागून आठ वर्षांच्या पोरीचा आवाज येतो.

"दादा, माझं लगीन कवा झालं? मी सून कुनाची रं?"

केरबा तोंडात पदर कोंबावा तशी टोपी कोंबून रडतो. मथुरा दोन्ही हातांनी भिंत खरवडू लागते.

"मथुराबाई, मजकूर बरोबर आहे ना?"

दारात साहेब उभे आहेत. ऊन उतरलंय. मथुरा त्यांचंच पेन मागून घेते आणि 'भागीरथी' खोडते.

"सुनेचं नाव कुणालाच ठाऊक न्हाई, साहेब. हे माझ्या आत्याचं हाय. तिचं लगीनच झालं नव्हतं."

साहेब तिच्या हातांकडे बघत राहतात. किल्ल्यात कुठंच बांधकाम चालू नाही, आणि तिच्या दाही नखांत ओला चुना भरलाय.