डबा रिकामा पाठवू नये

वडील ठीक आहेत की नाहीत, हे मला रोज सकाळी सव्वानऊ वाजता एसटी स्टँडवर कळायचं.

आमचं गाव जयगडच्या वाटेवर. आई गेल्यावर बाबा तिथे एकटेच राहिले आणि मी त्यांची एकुलती एक मुलगी, रत्नागिरीत शाळेत शिक्षिका. संध्याकाळी गावाकडे वस्तीची गाडी जाते, म्हणजे गावात मुक्काम करून सकाळी परत येणारी. त्या गाडीच्या कंडक्टरकडे मी बाबांच्या रात्रीच्या जेवणाचा डबा द्यायची. सकाळची पेज आणि दुपारचा भात ते स्वतः करायचे. संध्याकाळी बाबा गावच्या स्टॉपवर येऊन डबा घ्यायचे आणि सकाळी धुतलेला डबा त्याच गाडीने परत पाठवायचे. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मग ते पोटच्या मुलीचं का असेना. त्यामुळे डब्यात काहीतरी असायचंच. चार आमसुलं, दोन मिरच्या, अबोलीची फुलं, काहीच नसेल तर एखादी सुपारी. मी स्टँडवर उभ्या उभ्या झाकण उघडायची आणि आत काही दिसलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

कंडक्टर वैतागून म्हणायचा, "बाई, मी काय खाल्लं नाय त्यातलं."

फोनवर माझा विश्वास नव्हता. फोनवर बाबा "काय नाय गो, बरा हाय" एवढंच बोलतात. आई गेली त्या दिवशीसुद्धा त्यांनी तेवढंच सांगितलं होतं.

बाबा त्र्याऐंशीचे. हात थरथरतात. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात आणि मदतीला गेलं तर राग येतो. त्यांना शहरात आणावं हे मला रोज वाटायचं आणि आणायचं कसं हेही रोज वाटायचं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर नोकरीवर. म्हणून मी डब्यावर सगळं सोपवलं होतं. सुपारी दिसली, की आजचा दिवस निभावला.

स्वतःची ही अशी तऱ्हा असताना दुसऱ्याला अक्कल शिकवायला मी पहिली. शाळेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी आईला देवरूखच्या बाजूला एका वृद्धाश्रमात ठेवलं. ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी म्हणाले, "आमच्यात असं करत नाहीत हो." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बाई वह्या तपासत राहिल्या. मला वाटलं, बोलायला तोंडच नाही हिला.

त्या दर रविवारी आईला भेटायला जायच्या आणि सोमवारी अळूची पानं घेऊन यायच्या. आईने तिथे मागच्या बाजूला अळू लावलं होतं. बाई प्रत्येकीच्या टेबलावर पाच पाच पानं ठेवायच्या. माझी पानं मी मुद्दाम तिथेच सोडून द्यायची. शाळा सुटेपर्यंत ती कोमेजून जायची आणि शिपाई उचलून टाकायचा. मला त्यात काहीतरी बाणेदार वाटायचं. आज लिहिताना लाज वाटते.

मग मार्चमध्ये एका सकाळी डब्यात ओले काजूगर आले. पांढरेशुभ्र, अखंड, केळीच्या पानात गुंडाळलेले. मी हरखून गेले. त्याच संध्याकाळी उसळ केली, दुसऱ्या दिवशी शाळेत नेली आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना वाढली. वाढताना गप्प कशी बसेन? "त्र्याऐंशी वर्षांचे आहेत माझे बाबा. स्वतःच्या हाताने सोललेत. आपल्या घरात असला ना माणूस, की असा टवटवीत राहतो." हे शेवटचं वाक्य कोणासाठी होतं ते सगळ्यांना समजलं.

शेजारच्या बाईंनी उसळ खाल्ली. चांगली झालीय म्हणाल्या. हात धुऊन आल्यावर हळूच, मला एकटीलाच ऐकू जाईल असं विचारलं, "तुमच्या बाबांचे हात थरथरतात ना? तुम्हीच मागे म्हणाला होतात."

पुढचा तास मी सातवीवर घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही. ओला काजू सोलणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. चिकाने बोटं पोळतात, काळी पडतात, साल निघते. वर गर अखंड काढायचा म्हणजे बोट स्थिर हवं. बाबांना बटण लावता येत नव्हतं. मग हे कोणी सोललं? आणि बाबांऐवजी दुसरंच कोणी डबा भरत असेल, तर मी इतके दिवस रोज सकाळी स्टँडवर काय बघत होते? फोन लावला. "काय नाय गो, बरा हाय."

संध्याकाळी डबा कंडक्टरकडे दिला नाही. मांडीवर घेऊन मीच वस्तीच्या गाडीत बसले. वाटेत प्रत्येक थांब्याला गाडी उभी राहिली की मी घड्याळ बघायची. मी मनात स्वतःलाच बजावत होते, की बाबा स्टॉपवर असतील, काठी टेकून उभे असतील, मला बघून ओरडतील.

उन्हं कलली होती. स्टॉपवर बाबा नव्हते. आमच्या दगडी गडग्यापलीकडे राहणारी शेजारची वहिनी उभी होती. मला उतरताना बघून तिने दोन्ही हात पदराखाली घेतले, पण तेवढ्यात मला दिसलंच. तिची बोटं काळी होती आणि अंगठ्याचं साल निघालं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून गो बाय," ती म्हणाली. "हितंच पडले ते, डबा घ्यायला आले तवा. मंग म्हणाले, तू जात जा. आनि डबा रिकामा पाठवू नको, तिला कळंल. माज्याकडनं शपथ घेतलीनी, कंडक्टरकडनं पन." मग म्हणाली, "पेज पन मीच देतंय. चूल पेटवायला मी देत नाय त्यांना."

दिवाळी ते मार्च. शाळा, परीक्षा म्हणत मी मध्ये एकदाही गावी गेले नव्हते. रोज सकाळी मी झाकण उघडून निर्धास्त झाले होते. ज्या बाईला मी सणावाराला साधी साडी नेली नव्हती, ती माझ्या बापाला सांभाळत होती आणि वर माझी समजूतही घालत होती. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी निदान विचारून, बघून, सांगून आईला दुसऱ्याच्या हाती दिलं होतं. मी न विचारताच देऊन मोकळी झाले होते आणि गावभर मिरवत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

बाबा पडवीत बाकावर बसले होते. गुडघा सुजलेला. हात स्वच्छ, बोटांवर चिकाचा एक डाग नाही. मी रागावले, रडले, दोन्ही एकदमच. ते म्हणाले, "तुला कळलं असतं तर नेलं असतंस." आणि चारच दिवसांत मी नेलंच.

त्यानंतरचे दिवस गावातल्या काळजीपेक्षा वाईट गेले. तिसऱ्या मजल्यावर त्यांना दोघांनी धरून चढवलं. पहिल्या आठवड्यात एकदा ते एकटेच खाली उतरायला निघाले आणि दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर कठडा धरून तासभर बसून राहिले. त्यानंतर शाळेत जाताना मी दाराला बाहेरून कुलूप लावायला लागले. आत आग लागली तर? चक्कर आली तर? शाळेत पंधरा पंधरा मिनिटांनी फोन. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात कुणाला तरी सांगत होत्या, "बापाला कोंडून जाते हो, शिकलेली बाई." मी ऐकलं आणि खाली मान घालून निघून गेले. त्यांना उत्तर द्यायचं, तर आधी स्वतःला द्यायला हवं होतं.

स्टाफरूममध्येही कुजबुज होती. शेजारच्या बाई फक्त रोज विचारायच्या, "जेवतात का?"

जेवणाचा डबा मी टेबलावर ठेवून जायची, तोच, एसटीने जाणारा. संध्याकाळी येऊन बघितलं की तो धुऊन, झाकण लावून ठेवलेला असायचा. एके दिवशी सवयीने मी झाकण उघडलं. बाबा खिडकीशी बसून बघत होते.

"रिकामाच हाय," ते म्हणाले. "हितं माजं काय हाय गो, घालायला?"

मी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

पुढच्या सोमवारी शेजारच्या बाईंनी नेहमीसारखी पानं ठेवली. माझ्या टेबलावरही ठेवली. दोन वर्षं टाकून दिलेली बघूनही त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं. मी पानं उचलली, पिशवीत घातली आणि त्यांना विचारलं, "तुमच्या आईच्या तिथे मागे जागा किती आहे?" त्यांनी सांगितलं. तिथे काय चांगलं नाही, तेही सांगितलं. त्यांची आई पहिले दोन महिने त्यांच्याशी बोलली नव्हती.

घरी आल्यावर मी पानं बाबांच्या मांडीवर ठेवली. थरथरत्या बोटांनी त्यांनी एक देठ वळवून पाहिला.

"कुनाच्या परसातलं?"

आमच्या घरात आल्यापासून उत्तर हवं म्हणून त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी सगळं सांगितलं. ती आई, तो आश्रम, मागचे वाफे, आणि मी स्टाफरूममध्ये काय बोलले होते तेही. ते पान उलटसुलट करत ऐकत होते.

"काळ्या देठाचं हाय," ते म्हणाले. "पानी कमी पडतंय त्याला." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "देवरूखची गाडी कितीला सुटते?"

मला वेळ माहीत होती. शाळा सुटल्यावर स्टँडवर जाऊन विचारून आले होते.

"बघून सांगते," मी म्हणाले.