प्लंबर गुरुवारी आला, दादा रविवारी

आमच्या मनीषनगरच्या घरात पंचवीस वर्षं एकही प्लंबर आला नव्हता. लागलाच नाही. नळ ठिबकला, फ्लशची टाकी वाहायला लागली, बेसिनखालचा पाईप सुटला, की मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीला, दादाला फोन करायची आणि रविवारी सकाळी तो हजर. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर. नळाचं काम कुठे शिकला नव्हता, बघून बघून हात बसला होता. सिमेंटच्या पोत्याची शिवलेली पिशवी, तिच्यात दोन पाने, एक पक्कड, टेपची गुंडाळी आणि जुन्या वायसरांचा डबा, एवढाच त्याचा संसार.

खरं सांगू का, तो नळासाठी यायचाच नाही. आमच्या माहेरची रीत अशी, की लग्न झालेल्या बहिणीच्या घरी भावानं उगाच जाऊन बसू नये. कारण लागतं. आमचे बाबा तर माझ्याकडे आले की पाणीसुद्धा विचार करून प्यायचे. दादानं ती रीत मोडली नाही, त्यानं कारण शोधून काढलं. एका रविवारी संपणारं काम तो दोन रविवार पुरवायचा. "बरोबरचा वायसर नाही भेटला वं, पुढच्या आठवड्यात आणतो." आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "तुहा भाऊ नळ सुधारते का नळ पोसते?" मी म्हणायची, "तुम्ही नुसता वायसर हातात धरून दाखवा, मग बोला." की ते परत पेपरात.

काम झालं की दादा जेवायला बसायचा. पाटोड्यांचा रस्सा, भात, सोबत कांदा. बोलायचा तोही पाईपाबद्दलच. वरच्या टाकीचा वॉल्व्ह बदलला पाहिजे, जीआयचा पाईप आतून गंजला असंन, असलं. त्यातच मला कळायचं की त्याचं बरं चाललंय. मीही त्याला कधी दुसरं काही विचारलं नाही. नळ बरा झाला का, एवढंच विचारायची.

मागच्या दिवाळीनंतर त्यानं स्वयंपाकघरातला नळ बदलून दिला. दोन दिवसांत जोडातून पाणी झिरपायला लागलं. मी खाली वाटी ठेवली, मग पातेल्याएवढा गंज, मग बादली. दादाला फोन केला आणि म्हटलं, रविवारपर्यंत काढू कसंतरी. गुरुवारी मी सीताबर्डीला कापड घ्यायला गेले. परत येते तर ओट्याखालचं प्लायवूड फुगून वर आलेलं आणि वर चकचकीत नवा नळ. यांनी मोबाईलवरून प्लंबर बोलावला होता. "तासाभरात काम खल्लास," हे छाती फुगवून सांगत होते. माणूस चांगलाच असावा बिचारा, जाताना फरशीसुद्धा पुसून गेला होता. पण माझ्या अंगाची आग आग झाली. दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. दादाला फोन करून 'काम झालं, येऊ नको' म्हणायला मात्र जीभ रेटेना. वाटलं, निदान जेवायला तर येईल.

रविवारी आला. पिशवी खांद्याला. नळ पाहिला. उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. जोडावरून बोट फिरवलं. "छान बसवला," म्हणाला. अर्धा कप चहा घेतला आणि उठला. पाटोड्या कढईत उकळत होत्या. मी फाटकापर्यंत मागे गेले, "जेवून जा नं गा" म्हणत. त्यानं गाडीला किक मारली.

त्यानंतर आठ महिने आला नाही. फोन केला की गोदामात माल आला आहे, वहिनीची तब्येत नरम आहे, काही ना काही. मला वाटलं, रुसला. आमच्या घराण्यात रुसवा पिढीजात आहे. मी यांना ऊठसूट टोमणे मारायची, "बोलवा तुमच्या प्लंबरला, म्हणावं भाऊबीजेलाही ये." रविवारी सकाळी फाटक वाजलं की हातातलं काम टाकून बाहेर यायची. दूधवाला असायचा, नाहीतर शेजारची कामवाली. शहरात प्लंबर हवे तेवढे मिळतात. मला माझा भाऊ पाहिजे होता.

शेवटी मी खोटं बोलले. फोन केला, "दादा, न्हाणीतला नळ लय गळून राहिला." नळ ठणठणीत होता. दादा म्हणाला, "त्याच प्लंबरले बोलाव नं. त्याचा हात चांगला आहे."

फोन ठेवला आणि म्हटलं, गेला खड्ड्यात मानपान. तडक वाडीची बस धरली.

अमरावती रोडवर ट्रकांच्या गर्दीत उतरले. त्याच्या दोन खोल्या गोदामांच्या मागे. वहिनीनं दार उघडलं, "या, पाय धुवा पहिले," म्हणाली. मी मोरीत गेले आणि पाहतच राहिले. नळाला चिंधी गुंडाळलेली, वरून सुतळी बांधलेली, खाली बादली, आणि टपटप चालू. दादाच्या घरचा नळ!

"वहिनी, हे काय वं?"

ती बोलणार तेवढ्यात दादा बाहेर आला. त्यानं उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठ्याचा सांधा सुजून वाकडा झालेला. बोटं मिटत नव्हती.

"दोन वर्षांपासून दुखून राहिला," तो म्हणाला. "आता तर पाना धरवत नाही. तुह्या घरचा जोड मीच ढिला सोडला होता. मले कसताच नाही आला. जवाईबापूनं बरोबर केलं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? नळ कसता येत नाही म्हणून येत नाही, असं सांगू?"

अरे देवा! आठ महिने मी रुसला, रुसला म्हणत होते आणि हा माणूस लाजून घरात बसला होता. मी पदर खोचला. "पाना आण."

तो पाटावर बसून सांगत गेला, मी करत गेले. आधी बाहेरची पाण्याची चावी बंद. चिंधी काढ, नळ फिरवून सोडव. टेप आटे फिरतात त्याच बाजूनं गुंडाळ, उलटी गुंडाळशील तर कसताना सुटते. आता लाव. अजून. अजून थोडं. बस, बस, आटे जातील! वहिनीनं चावी उघडली. आम्ही तिघं नळाकडे पाहत उभे राहिलो. थेंब पडला नाही. मी अशी खूश, जसं काही धरणच बांधलं.

दादा हसला. मग म्हणाला, "तुले आता सारं येते. मंग मी तुह्या घरी कायले येऊ वं?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. मला रडू आवरेना.

"मले तू पाहिजे गा," मी म्हणाले. "नळ गेला चुलीत. मले तू पाहिजे."

तो आपला वाकडा हात लुंगीला पुसत राहिला, कोरडाच होता तरी.

"हे तू इतके वर्षं काहून नाही सांगितलं?" त्यानं विचारलं.

मी आठवून पाहिलं. खरंच, मी कधी सांगितलंच नव्हतं.