रिकाम्या झालेल्या नोंदी

ऑफिसात त्याला सगळे ‘दोनदा’ म्हणत. कुलूप दोनदा ओढून बघायचा, पत्र पाठवण्याआधी दोनदा वाचायचा, आणि एवढं करूनही जीव टांगणीला लागलेलाच. “तुझ्या सावलीलासुद्धा तुझी भीती वाटत असेल, तुझ्या भित्रेपणाची लागण होईल म्हणून,” असं त्याची बायको म्हणायची. त्यावर तो हसायचाही, पण जरा घाबरतच.

दवाखान्यात पेशंटच्या शिरेत औषध थेंब थेंब सोडणारे पंप असतात. त्या पंपांची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्या छोट्या कंपनीत तो कामाला होता. पंपाचं घड्याळ मधूनच क्षणभर अडखळतं, अशी तक्रार आली होती आणि ती दोनदाकडे दिलेली होती. कित्येक आठवडे तो त्या बिघाडामागे लागला होता. केलेला प्रत्येक बदल तो आपल्या कॉम्प्युटरवरच्या रेपॉझिटरीत नोंदवून ठेवायचा. सगळा कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाचा इतिहास तिथे साठलेला असतो. रोज संध्याकाळी हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर चढवायचं, असा नियम होता. दोनदाने तो पाळलाच नव्हता. कारण वर चढवलेलं त्याच्या वरिष्ठ मॅडम वाचत, आणि चुका सापडल्या की मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवत. पुरतं झालं की एकदमच चढवू, असं म्हणत तो दिवस ढकलत होता.

काम तपासणीला द्यायच्या दिवशी सकाळी कुणीतरी पाण्याची किटली आणि हीटर एकाच प्लगवर लावले. फट् आवाज झाला आणि अख्ख्या मजल्याची वीज गेली. नेमका त्याच वेळी तो नवी नोंद करत होता.

वीज आली. त्याने कॉम्प्युटर सुरू केला, रेपॉझिटरी उघडायला गेला, तर पडद्यावर उत्तर आलं: नोंदीची फाइल रिकामी आहे. त्याने पुन्हा विचारलं. तेच.  सगळ्या फाइली तपासायची आज्ञा दिली, तर रिकाम्या फाइलींची नावं खाली खाली सरकतच राहिली. 

“झालं का हो?” मॅडमनी दारातून विचारलं.

“होतंय,” तो म्हणाला. शब्द तोंडातून सुटला आणि त्याच्या लक्षात आलं: आता खोटंही बोलून बसलो.

कशालाही हात लावण्याआधी त्याने बाहेरची डिस्क जोडली आणि सगळा फोल्डर तिच्यावर उतरवला. यात हुशारी वगैरे काही नव्हती, दुसरं काही करायची त्याची छातीच होत नव्हती. डिस्क काढून खिशात ठेवली आणि तो तोंडावर पाणी मारायला गेला.

परत आला तर त्याच्या खुर्चीत पैलवान बसलेला. पैलवान म्हणजे काडीसारखा बारीक सहकारी, सगळ्यांच्या मदतीला न बोलावता धावणारा.

“अरे, तुझी रेपॉझिटरी पार सडली होती,” तो म्हणाला. “उडवलं सगळं. सर्व्हरवरून नवं उतरवतोय, दोन मिनिटं.”

“उडवलं?”

“मग? असंच करतात.”

“माझं काम त्यातच होतं रे. वर चढवलंच नव्हतं.”

पैलवानचं तोंड उघडंच राहिलं. त्याने हात कीबोर्डवरून असे उचलले, जणू काही तवाच तापलाय. “दोनदा... आईशप्पथ, मला काय माहीत!”

आता दोघांचीही पाचावर धारण बसली. दोनदाने खिशातली डिस्क काढली, पण ती जोडायला हात धजेना. इतिहासाचा फोल्डर लपलेला असतो. घाईत तोच राहून गेला असला तर? अखेर पैलवाननेच ती जोडली. फोल्डर होता.

त्याची आणखी एक प्रत करून दोनदा कामाला लागला. रिकाम्या फाइली त्याने बाजूला काढल्या. जुन्यांपैकी ज्या सर्व्हरवर शाबूत होत्या, त्या तिथून आणून बसवल्या. कुठल्या नोंदीमागून कुठली झाली, याची साधी यादी रेपॉझिटरी स्वतःच ठेवते. त्यातली शेवटची नोंद रिकामीच निघाली. तिच्या आधीची उघडली. पैलवानने टेबलावर थाप मारली. दोनदाने ब्रांच, म्हणजे कामाची चालू शाखा, त्या नोंदीवर आणून ठेवली आणि सकाळच्या फाइलींशी ताडून बघितलं. सगळ्या जुळल्या, एक सोडून. घड्याळाची फाइल कोरी होती. तिची आधीची प्रत मिळाली, पण अडखळणं थांबवणारा सकाळचा बदल गेला होता.

तो आठवून लिहायचा होता. आणि खरी भीती त्याला इथे वाटली. नोकरी जाईल, हसं होईल, ते सगळं मागे पडलं. आपण एक अट उलटी लिहिली तर कुणाच्या तरी शिरेत दुप्पट औषध जाईल, हे डोळ्यांसमोर आलं आणि हात चालेनासे झाले. एक ओळ लिहायची, पुसायची. शेवटी तो उठला आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

“मघाशी होतंय म्हणालो, ते खोटं होतं,” तो म्हणाला, आणि मग सगळंच सांगून टाकलं. पैलवानचं नाव तेवढं घेतलं नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “वर का नाही चढवलंत?”

“तुम्ही वाचून दाखवता म्हणून.”

त्यांचा चेहरा जरा उतरला. “चुका मी यापुढेही दाखवणारच. पण आधी तुम्हाला एकट्याला. आणि तपासणी उद्यावर ढकलते. तपासणी करणाऱ्यांच्या शिव्या मी खाईन. तुम्ही लिहा, पैलवान तपासेल.”

त्याने लिहिलं. पैलवानने तपासताना एक अट बोट ठेवून दाखवली. उलटीच पडली होती.  दोनदाने ती सुधारली, चाचण्या चालवल्या, आणि संध्याकाळी सगळं सर्व्हरवर चढवलं.

जिना उतरताना मात्र तो मधल्याच पायरीवर बसला. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“निघालास का?”

“निघालोय गं. पण पाय चालत नाहीयेत.”

“का, काय झालं?”

“आता काही नाही. दिवसभर घाबरलो होतो.”

“मग तिथेच बसून राहा,” ती म्हणाली. “मी येते घ्यायला.”