शेवट पटतो का?

आमच्या ग्रुपचं नाटक वर्षातून एकच होतं, किस्से मात्र दर रविवारी होतात. दोघं जण चहाला बसले की तिसरा म्हणतोच, "ते मुळशीचं सांग ना!" तर सांगते.

नितीन आमचा लेखक आणि दिग्दर्शक. दिवसभर आयटी कंपनीत, उरलेल्या वेळात नाटक. त्याच्या नव्या नाटकात बायको भांडून घराबाहेर पडते, दारात बराच वेळ उभी राहते आणि मुकाट्यानं परत आत जाते. बायको मी. स्पर्धा तोंडावर आलेली आणि हा शेवट नितीनला खात होता. भेटेल त्याला विचारायचा, "खरं सांग, शेवट पटतो का?"

पुण्यातले मित्र एकजात म्हणाले, "छान!" एक जण तर म्हणाला, "लायटिंग काय सुंदर होतं रे!" अहो, हॉलमधली तालीम होती. ट्यूबलाइट होती!

नितीन वैतागला. "मला तोंडावर बोलणारे प्रेक्षक पाहिजेत," म्हणाला आणि आम्हाला मुळशीत घेऊन गेला.

*

पहिला प्रयोग पिरंगुटला, एका कारखान्याच्या कँटीनमध्ये. पहिला अंक संपतोय तोच एका बॅचची जेवणाची सुट्टी संपली. ती उठून गेली, दुसरी बॅच ताटं घेऊन आली. त्यातल्या एकानं थेट विचारलं, "भैया, अब तक क्या हुआ?"

माझा नवरा झालेला मंदार भूमिका सोडून म्हणाला, "इसको नौकरी करनी है, मैं मना कर रहा हूँ."

"अच्छा. आगे?"

भांड्यांच्या रॅकमागे नितीननं डोकं धरलं. "माझा अख्खा पहिला अंक! एका वाक्यात!"

*

दुसरा प्रयोग मुठा गावात. सासऱ्याचा मृत्यू चाललेला. सासरा झालेला शिरीष बाजेवर मरून पडलाय, मी रडतेय, आणि सरपंच आले. त्यांना पुढं दोन हळदी गाठायच्या होत्या, त्यामुळे सत्कार लगेच! माइकवरून एकेकाचं नाव पुकारलं. शिरीषचं आलं तसा तो उठला, शाल-श्रीफळ घेतलं, वाकून नमस्कार केला आणि परत मेला. नारळ छातीवरच.

मी पुन्हा रडायला लागले. कुणीही हसलं नाही. फक्त पुढच्या रांगेतली एक आजी कळवळून म्हणाली, "आगं, त्यो नारळ तरी काढ. जड व्हत आसंल त्याला!"

*

तिथंच कडेला भिवामामा काठी टेकून उभे होते, मेंढरंवाले. नितीन आशेनं त्यांच्याकडं गेला. "मामा, कसं वाटलं?"

"ब्येस हाय."

"खरं सांगा."

"खरं? मधी मेंढरं वड्यापलीकडं गेली. जाऊन वळवून आलो. बगतोय तर तुमी तितंच!"

नितीननं त्याच रात्री मधली पानं कापली. शेवटाबद्दल मात्र मामाही बोलले नाहीत.

*

शेवटचा प्रयोग कोळवणला, देवळापुढं. या दौऱ्यात आम्ही तालमींसाठी राहिलो होतो ते घर इथल्याच हौसाकाकूंचं. काकू वरच्या खोल्या भाड्यानं देतात. ओट्यावर तांदूळ निवडत त्यांनी आमच्या सगळ्या तालमी पाहिलेल्या, नाटक तोंडपाठ झालेलं. मत विचारलं की म्हणायच्या, "च्या घ्या."

शेवटचा प्रवेश आला. चौकटीतलं दार बंद, आत मंदार, बाहेर मी, हातात बॅग. मी म्हणाले, "आता मी जाऊ तरी कुठं?" इथं नितीनचा लाडका लांबलचक पॉज. मग मी दार वाजवायचं.

पॉजमध्ये प्रेक्षकांतून काकूंचा आवाज आला. "माज्याकडं ये की. वरली खोली रिकामी हाय."

मला काय झालं कुणास ठाऊक, मी बॅग घेऊन खाली उतरले आणि काकूंशेजारी जाऊन बसले. त्यांनी सरकून जागा दिली.

दाराआड मंदार माझ्या टकटकीची वाट बघतोय. बराच वेळ काही होईना, तेव्हा त्यानं दार किलकिलं केलं. "अगं, ये ना आत!"

काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "न्हाई यायची ती. तू दार लाव."

मंदारनं नितीनकडं पाहिलं. नितीननं मान डोलावली. मंदारनं दार लावलं.