लाल भात

गडचिरोलीकडच्या आमच्या गावात हातपंप होता, तरी बाया नाल्याचंच पाणी आणत. ते पिऊन माझ्या धाकट्या बहिणीचे जुलाब थांबत नव्हते. पंप दुरुस्त करणारा दरवर्षी येई, वायसर बदलून निघून जाई.

एका साली दुसराच माणूस आला. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. त्यानं कुणाला काही विचारलं की तो पाना खांद्यावर टेकवी आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभा राही. पंप हापसून त्यानं माझ्या आईला विचारलं, "बाई, पंप तर चांगला हाये. पानी काऊन नाई भरत?"

"भात लाल होते, भाऊ."

"काऊन?"

"मले इचारता? पंप तुमचा. जेवून पाहा."

तो खरंच जेवायला बसला. आईनं पंपाच्या पाण्यात शिजवलेला तांबूस भात त्यानं शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. "लोखंड हाये पान्यात," तो म्हणाला. "इतके साल आमी पंपालेच इचारून राह्यलो. भरनारीले कोनी नाई इचारलं."

मग त्यानं आईला सांगितलं, पाणी उंचावरून मडक्यात ओता, रात्रभर निवळू द्या, सकाळी वरचं तेवढं वाळूतून गाळून घ्या. त्या पाण्याचा भात पांढरा झाला. बहीण हळूहळू सावरली.

तो पुन्हा आला नाही. त्याची सवय मात्र आईनं उचलली. मी जेवलो नाही तर ती रागावत नसे. शेजारी बसून "काऊन?" एवढंच विचारी आणि थांबून राही.

आई गेल्याला आता वर्ष होईल. कधी न जेवताच ताट झाकून ठेवतो, आणि उगाच थोडा वेळ तिथंच बसून राहतो.